सोलापूरहून लाँगइयरब्येन: उत्तर टोकाच्या फियॉर्डकाठी जाण्यापूर्वी

ज्या गावांना नियमित प्रवासी विमानसेवा आहे, त्यांमध्ये पृथ्वीवर सर्वांत उत्तरेला असलेले गाव म्हणून नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगइयरब्येनचे नाव घेतले जाते. ते ७८ अंश उत्तर अक्षांशावर वसले असून सोलापूर साडेसतरा अंशांच्या जवळपास आहे, म्हणजे या दोन गावांमध्ये साठ अंशांचे अंतर आहे. वस्ती अडीच हजारांच्या आसपास आहे. हिमनदीने डोंगर खोलवर कोरून काढावा आणि बर्फ मागे हटल्यावर त्या दरीत समुद्र शिरावा, अशा रीतीने तयार झालेल्या अरुंद खाडीला फियॉर्ड म्हणतात. लाँगइयरब्येन हे ॲडव्हेंटफियॉर्ड नावाच्या छोट्या फाट्याच्या काठी आहे आणि तो फाटा शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या इसफियॉर्डला जाऊन मिळतो. अटलांटिकमधून वर सरकणारा उबदार सागरी प्रवाह या पश्चिम किनाऱ्याला लागून वाहत असल्यामुळे इतक्या उत्तरेला असूनही येथील हवा माणसाला सोसवण्याजोगी राहते. एवढ्या दूरच्या ठिकाणी सामान्य प्रवाशाला स्वतःच्या तयारीवर जाता येते ते त्यामुळेच. मात्र ही तयारी योग्य क्रमाने करावी लागते. आधी ऋतू, मग व्हिसा, त्यानंतर विमान आणि शेवटी कपडे, हा क्रम उलटला की पैसाही जातो आणि प्रवासही अडतो.

ऋतू आधी ठरवा

येथे महिन्यांपेक्षा उजेडाचा हिशेब महत्त्वाचा असतो. साधारण २० एप्रिलपासून २२ ऑगस्टपर्यंत सूर्य मावळत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो क्षितिजावर येत नाही आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत तर दुपारीही संधिप्रकाश नीट मिळत नाही. फेब्रुवारीत सूर्य परतला तरी भोवतालच्या डोंगरांमुळे गावात ऊन पोहोचायला ८ मार्च उजाडतो. त्या दिवशी गावकरी जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्यांपाशी जमून पहिल्या उन्हाचे स्वागत करतात आणि तो सोहळा आठवडाभर चालतो.

आपल्याकडच्या सुट्ट्या या हिशेबात बसवून पाहाव्यात. दिवाळीची सुट्टी धरून जाणाऱ्याला नेमका मावळता उजेड मिळतो. बर्फ अजून नीट साठलेला नसतो आणि बोटींचा हंगाम संपत आलेला असतो, म्हणून पहिल्याच भेटीसाठी हा काळ मी सुचवणार नाही. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, तेथे पूर्ण काळोख असतो. ज्यांना केवळ ध्रुवीय प्रकाश, म्हणजे आकाशातला ऑरोरा, पाहायचा आहे त्यांनी हा काळ जरूर निवडावा, कारण आकाश निरभ्र असेल तर तेथे तो दिवसाच्या वेळीही दिसू शकतो. पृथ्वीवर अशी सोय फार थोड्या वस्त्यांना आहे. शाळेच्या परीक्षा आटोपल्यावर एप्रिलच्या उत्तरार्धात निघणाऱ्या कुटुंबाला बर्फही मिळतो आणि चोवीस तास उजेडही. कुत्र्यांच्या घसरगाडीतून आणि स्नोमोबाइलवरून फिरण्याचा हा उत्तम काळ आहे, परंतु तापमान शून्याखाली दहा ते वीस अंशांपर्यंत उतरू शकते. मे महिन्याच्या अखेरीस बर्फ चिखलासारखा होतो आणि ना गाडी चालते ना पाय, म्हणून तो काळ टाळावा.

तुम्हाला फियॉर्डच पाहायचा असेल, म्हणजे पाण्यातून हिमनदीच्या तोंडापर्यंत जायचे असेल, तर जुलै ते ऑगस्टचा मध्य हाच काळ धरा. तेव्हा तापमान बहुधा पाच ते आठ अंशांच्या आसपास असते आणि बोटी रोज सुटतात. शाळा सुरू असते ही अडचण खरी आहे, पण मुलांची आठ-दहा दिवसांची रजा घेऊनही हे करण्यासारखे आहे असे माझे मत आहे. येथील उन्हाळाही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. २५ जुलै २०२० रोजी लाँगइयरब्येनमध्ये २१.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचा उन्हाळा काढणाऱ्या सोलापूरकराला हा आकडा सौम्य वाटेल, परंतु ज्या जमिनीखालची माती बारमाही गोठलेली आहे आणि ज्या गावातील घरे त्या गोठलेल्या मातीत रोवलेल्या खांबांवर उभी आहेत, तेथे ही चिंतेची बाब आहे.

व्हिसा: दोन प्रवेशांची अट

स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, असे वाक्य तुमच्या वाचनात येईल. ते अर्धे खरे आहे आणि भारतीय प्रवाशाला त्यातूनच सर्वांत मोठा धोका आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या कराराने या बेटांवर नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य केले, पण सह्या करणाऱ्या देशांच्या नागरिकांना तेथे राहण्याचा व व्यवसाय करण्याचा समान हक्कही दिला, म्हणून बेटांवर स्वतंत्र व्हिसा नाही. मात्र तेथे पोहोचण्याची नेहमीची वाट ओस्लो किंवा उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो येथून जाते, नॉर्वे हा युरोपातील सामायिक व्हिसाच्या शेंगेन क्षेत्रात आहे आणि स्वालबार्ड त्या क्षेत्राबाहेर आहे. त्यामुळे ओस्लोहून लाँगइयरब्येनला निघताच तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि परतताना पुन्हा आत येता. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीची वाट बंद होते. म्हणून अर्जात किमान दोन प्रवेशांची मागणी स्पष्टपणे करावी, सोबतच्या पत्रात लाँगइयरब्येनला जाऊन परतण्याच्या तारखा लिहाव्यात आणि त्या प्रवासाचे आरक्षण जोडावे. व्हिसा हाती आल्यावर त्यावरील प्रवेशांची संख्या तेथेच वाचून पाहावी. चूक असेल तर ती निघण्यापूर्वीच दुरुस्त होऊ शकते.

अर्ज नॉर्वेच्या नावानेच करायचा असतो. तो प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून स्वीकारला जातो आणि किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, परंतु उन्हाळ्यातील गर्दी लक्षात घेता अडीच-तीन महिने हाताशी ठेवणे शहाणपणाचे आहे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, त्यात दोन कोरी पाने असावीत आणि शेंगेन सोडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो वैध असावा. नवा काढायचा असेल तर सोलापुरात टपाल कार्यालयातील पासपोर्ट सेवा केंद्रात काम होते. प्रवास विम्यात उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च मिळून किमान ३०,००० युरोंचे संरक्षण हवे, आणि त्या विम्यात स्वालबार्डचा समावेश आहे, तसेच शोध व बचावकार्याचा खर्चही धरला आहे, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. अनेक पॉलिसींवर फक्त शेंगेन असे छापलेले असते आणि नेमके मुक्कामाचे ठिकाणच त्यातून सुटते.

वाट

सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई गाठता येते, पण आंतरराष्ट्रीय विमान त्याच दिवशी सकाळचे धरू नये. मुंबईहून आखाती देशांतून किंवा युरोपातील एखाद्या मोठ्या विमानतळावरून ओस्लोला जावे. तेथून लाँगइयरब्येनला थेट विमानाने सुमारे तीन तास लागतात. काही विमाने ट्रॉम्सोला थांबतात आणि तेथे सर्व प्रवाशांना उतरून पासपोर्ट दाखवावा लागतो, म्हणून पासपोर्ट वरच्या कप्प्यातील पिशवीत न ठेवता अंगावर ठेवावा. ओस्लोमध्ये जाताना आणि येताना एकेक रात्र मोकळी ठेवण्याचा खर्च मी अनाठायी मानत नाही, कारण धुके किंवा वाऱ्यामुळे उत्तरेकडचे विमान रद्द झाले तर दुसरी कोणतीही वाट नाही. स्वालबार्डमधील वस्त्यांना जोडणारे रस्तेच नाहीत. जे थोडे किलोमीटर आहेत ते गावाच्या अवतीभवतीच संपतात.

विमान उतरले की विमानतळाबाहेर बस उभी असते आणि ती प्रवाशांना आपापल्या निवासाशी सोडते. निवास महाग आहे. गावाच्या मध्यभागातील हॉटेलांपेक्षा दरीच्या वरच्या टोकाला, न्यूब्येन भागात, खाणकामगारांच्या जुन्या बराकींमध्ये केलेली साधी निवासस्थाने परवडतात. तेथून बाजारापर्यंत दोन-अडीच किलोमीटर चालावे लागते, हे वयस्कर माणसे सोबत असतील तर ध्यानात घ्यावे. चलन नॉर्वेजियन क्रोन आहे, मात्र व्यवहार जवळजवळ सर्वत्र कार्डाने होतात.

सुती कपडे घरी ठेवा

आपले गाव चादरींचे आणि टॉवेलांचे आहे. कापूस आपल्या अंगवळणी पडला आहे. आर्क्टिकमध्ये मात्र अंगाला लागून सुती कपडा कधीही घालू नये. सूत घाम शोषून घेते, ओले राहते आणि ओले झाले की उब धरत नाही. चालून थांबल्यावर तोच ओलावा अंग गारठवून टाकतो. लोकर ओली झाली तरी बरीच उब टिकवते. आपल्या माळावरचा धनगर भर पावसात घोंगडी पांघरून उभा राहतो, त्यामागे हेच तत्त्व आहे.

म्हणून तीन थर करावेत. अंगाला लागून पातळ मेरिनो लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा सदरा व पायजमा, त्यावर जाड लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, आणि सर्वांत बाहेर वारा व पाणी अडवणारे जॅकेट आणि पँट. उन्हाळ्यातही हे तिन्ही थर लागतात, कारण बोटीवरचा वारा पाच अंशांचे तापमान शून्याखालचे भासवतो. हे कपडे सोलापूरच्या बाजारात क्वचितच मिळतात. पुण्यामुंबईच्या डेकॅथलॉनसारख्या दुकानांत अंगावर घालून पाहून घ्यावेत. बूट घेताना जाड मोज्यांसह घालून पाहावेत आणि बोटे हलवायला जागा ठेवावी, कारण आवळलेल्या बुटात रक्ताभिसरण मंदावते आणि पाय लवकर गारठतात. हिवाळी स्नोमोबाइल सफरीसाठी जाड अंगरखा, बूट आणि हेल्मेट बहुतेक आयोजक स्वतः देतात, तेव्हा ते विकत घेण्याची घाई करू नये. हातमोजे दोन जोड, कानटोपी, गळ्याभोवतीची पट्टी, बर्फावरच्या झगझगाटासाठी काळा चष्मा, आणि उन्हाळ्यात झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी विसरू नये. थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा.

लोकरीच्या मोज्यांचा आणखी एक उपयोग आहे. कोळशाच्या खाणींच्या काळात काळे बूट दाराशी काढण्याची पद्धत पडली ती अजून टिकून आहे. अनेक निवासस्थानांत आणि संग्रहालयातही जोडे बाहेर काढावे लागतात. आपल्याला ते सांगावे लागत नाही, पण फाटके मोजे तेवढे घरी ठेवावेत.

जेवण

शाकाहारी घरांतून सर्वांत जास्त विचारणा याच गोष्टीची होते. गावात चांगले मोठे सहकारी किराणा दुकान आहे आणि तेथे पाव, भाज्या, फळे, तांदूळ, डाळी मिळतात, मात्र सारे विमानाने किंवा जहाजाने आलेले असल्यामुळे ताजी भाजी महाग असते. उपाहारगृहांत शाकाहारी पदार्थ मिळतात, पण मोजकेच. स्वयंपाकघराची सोय असलेले निवासस्थान निवडले की निम्मी चिंता मिटते.

सोबत न्यायला आपल्या कडक भाकरीसारखा पदार्थ नाही. ती वजनाला हलकी असते, दिवसेंदिवस टिकते आणि शेंगाचटणीबरोबर बोटीवरही खाता येते. मूगडाळ-तांदळाचे भाजलेले मिश्रण, मेतकूट, लाडू हेही चालतील, पण लाडू तुपाचे नकोत. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून नॉर्वेत मांस आणि दुग्धजन्य पदार्थ वैयक्तिक सामानातही आणता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे, पनीर, खवा यांपैकी काहीही बांधू नये. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. बाटल्या विकत घेण्याची गरज नाही.

गावात आणि गावाबाहेर

वस्तीच्या हद्दीबाहेर हिमअस्वलाचे चित्र असलेला फलक दिसतो. त्यावरचा इशारा संपूर्ण स्वालबार्डला लागू आहे आणि तो शोभेसाठी नाही. त्या फलकापलीकडे अस्वलाला हुसकावण्याची साधने आणि ती वापरण्याचे ज्ञान असल्याशिवाय जाऊ नये; आपल्यासारख्या प्रवाशाने अधिकृत मार्गदर्शकाशिवाय पाऊल टाकूच नये. बंदुका भाड्याने मिळतात हे खरे, पण परवाना आणि सराव नसताना तो विचारही करू नये. अस्वल पाहायला मिळावे म्हणून त्याचा पाठलाग करणे, त्याला आमिष दाखवणे हे गुन्हे आहेत. २०२५ पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर राखणे बंधनकारक झाले आहे. एखाद्या आयोजकाने जवळून अस्वल दाखवण्याचे आश्वासन दिले तर त्याच्याकडे जाऊ नये. नान्नजच्या माळावरून माळढोक कसा दिसेनासा होत गेला हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. दूर राहण्याचा हा नियम आपण इतर कोणाहूनही अधिक मनापासून पाळला पाहिजे.

इतर नियमही तितकेच कडक आहेत. फुले-वनस्पती तोडू नयेत. १९४६ पूर्वीची मानवी वावराची प्रत्येक खूण, मग ती गंजलेला खिळा असो की मोडकी फळी, संरक्षित आहे. तिला हात लावू नये. विमानतळापासून ५ किलोमीटरच्या आत ड्रोन उडवण्यास मनाई आहे आणि सारे गाव त्या परिघात येते. उन्हाळ्यात रस्त्याकडेला घरटी करणारे आर्क्टिक कुररी पक्षी डोक्यावर झेप घेतात. तेव्हा काठी किंवा हात डोक्यावर उंच धरून शांतपणे पुढे जावे, थांबून छायाचित्रे काढू नयेत.

गाव अर्ध्या दिवसात पायी पाहून होते. जॉन मनरो लाँगइयर या अमेरिकी उद्योजकाच्या कंपनीने १९०६ साली येथे कोळशाची खाण सुरू केली. १९१६ पासून ती नॉर्वेच्या स्तूरे नोर्स्के कंपनीकडे आली. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन युद्धनौकांनी केलेल्या हल्ल्यात गावाचा मोठा भाग जळाला. शेवटची नॉर्वेजियन खाण, सात क्रमांकाची, २०२५ मध्ये बंद झाली. विद्यापीठ केंद्राच्या इमारतीतील स्वालबार्ड संग्रहालयात हा इतिहास, शिकाऱ्यांचे जीवन आणि प्राणिसृष्टी नेटकेपणाने मांडलेली आहे, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या बंद खाणीत मार्गदर्शकाबरोबर उतरता येते. गिरणीचा भोंगा ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला एका उद्योगावर उभे राहिलेले आणि तो सरल्यावर नवी वाट शोधणारे हे गाव परके वाटणार नाही.

विमानतळाच्या वरच्या उतारावर जागतिक बियाणे साठवण केंद्राचे प्रवेशद्वार आहे. २६ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू झालेल्या या केंद्रात डोंगराच्या पोटात उणे १८ अंश तापमानात जगभरच्या पिकांची बियाणी जपली जातात. आत प्रवेश मिळत नाही आणि कोणी मिळवून देतो म्हणाले तरी विश्वास ठेवू नये, परंतु बाहेर उभे राहण्यासाठी आपल्याला खास कारण आहे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर पाटणचेरू येथे असलेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूग यांच्या आपल्याकडील वाणांचे नमुने येथे सुरक्षिततेसाठी ठेवले आहेत. आपल्या जिल्ह्याची शेतीच ज्या पिकांवर उभी आहे, त्यांची राखीव ठेव त्या दारामागे आहे.

बोटीवरचा दिवस

फियॉर्डचे खरे दर्शन पाण्यावरूनच होते, तेव्हा खर्चात कपात करायची असेल तर हॉटेलात करावी, बोटीत नव्हे. इसफियॉर्डमध्ये दिवसभराच्या दोन सफरी रूढ आहेत. एक पिरॅमिडन या ओस पडलेल्या सोव्हिएत काळातील खाणगावाकडे जाते आणि वाटेत नूर्डेनशल्ड हिमनदीसमोर थांबते. दुसरी बारेंट्सबर्ग या आजही वस्ती असलेल्या रशियन खाणगावाच्या दिशेची आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने हिमनदीसाठी पहिली निवडावी. हिमनदीचा कडा कोसळला की मोठी लाट उठते, म्हणून बोट दूर थांबते. कप्तानाकडे जवळ नेण्याचा आग्रह धरू नये. सफर हवामानामुळे पुढे ढकलली जाऊ शकते, म्हणून ती मुक्कामाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवावी, शेवटच्या दिवशी कधीही नाही.

ज्यांच्याकडे एक दिवस आणि थोडे अधिक पैसे आहेत त्यांनी उन्हाळ्यात न्यी-ओलेसुंडची सफर पाहावी. कोंग्सफियॉर्डच्या काठची ही संशोधकांची वस्ती आहे आणि भारताचे हिमाद्री हे संशोधन केंद्र जुलै २००८ पासून तेथे आहे. २०१४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी याच फियॉर्डच्या पाण्यात इंडआर्क ही वेधशाळा सोडली. आर्क्टिकमधील बदलांचा आपल्या मोसमी पावसाशी काय संबंध आहे हा या अभ्यासामागील एक प्रश्न आहे, आणि पावसाच्या भरवशावर ज्वारी पेरणाऱ्या जिल्ह्यातील माणसाला त्याचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. हिमाद्रीची इमारत बाहेरून पाहता येते. आत शास्त्रज्ञांचे काम चालू असते, तेव्हा परवानगीशिवाय दार ठोठावू नये. या वस्तीत मोबाइलचे वायफाय व ब्लूटूथ बंद ठेवणे सक्तीचे आहे, कारण तेथील अतिसंवेदनशील रेडिओ दुर्बिणींच्या कामात त्याने व्यत्यय येतो. किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी, बोटीवरच फोन विमान स्थितीत (फ्लाइट मोडमध्ये) टाकावा.

औषधे आणि परतीचा प्रवास

लाँगइयरब्येनचे रुग्णालय लहान आहे. गंभीर रुग्णाला विमानाने ट्रॉम्सोला हलवतात. हृदयविकार, दमा किंवा गर्भावस्था असेल तर आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे. नेहमीची औषधे संपूर्ण प्रवासाला पुरून आठवडाभर अधिक राहतील इतकी, इंग्रजीत लिहिलेल्या चिठ्ठीसह, हातातील पिशवीत न्यावीत. वैद्यकीय मदतीसाठी ११३ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

परतताना ओस्लोला किंवा ट्रॉम्सोला पुन्हा पासपोर्ट तपासणी होते आणि व्हिसावरचा दुसरा प्रवेश येथे वापरला जातो. स्वालबार्ड नॉर्वेच्या सीमाशुल्क हद्दीबाहेर असल्यामुळे सामानाचीही तपासणी होऊ शकते. पुढच्या विमानासाठी सामान आपणच ताब्यात घेऊन पुन्हा द्यायचे आहे की ते थेट जाणार आहे, हे लाँगइयरब्येनच्या विमानतळावर सामान देतानाच विचारून घ्यावे. मुंबईचे विमान निदान दुसऱ्या दिवशीचे असावे. विम्याची प्रत, परतीचे तिकीट आणि ओस्लोतील निवासाचे आरक्षण कागदावर छापून पासपोर्टसोबत ठेवावे, कारण खिडकीमागचा अधिकारी तेच मागतो आणि नेमकी त्याच वेळी थंडीने उतरलेली फोनची बॅटरी साथ देईलच असे नाही.